जेवण एकदाच असतंय की

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात मी औषधं द्यायचं काम करते. डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीतून आत येते, मी गोळ्या काढते, कधी आणि किती घ्यायच्या ते पाकिटावर लिहिते आणि एकदा तोंडी सांगते. आपलं सांगणं लोकांना नीट कळतं, अशी बरीच वर्षं माझी समजूत होती.

मैंदर्गी गावची एक मावशी साखरेच्या आजारासाठी यायची. साठीची बाई, घरात कानडी बोलणारी, पण मराठीही येणारी. तिच्या पाकिटावर मी लिहिलं होतं, ‘रोज दोन, जेवणाआधी’. आठवडाही झाला नसेल, तिचा मुलगा तिला घेऊन परत आला. त्या दिवशी पहाटे ती घामानं चिंब झाली होती, हात थरथरत होते, हाक मारली तर धड उत्तर देत नव्हती. शेजारणीनं साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि गोळ्या कशा चालल्यात ते विचारून घ्या म्हणून दोघांना माझ्याकडे पाठवलं. मुलगा चिडलेला होता. मी मावशीला विचारलं, “गोळी कशी घेत होता?”

“तुमी सांगितलं तसंच. जेवायच्या आधी दोन.”

“दोन एकदम?”

“मग? जेवण एकदाच असतंय की.”

“आणि सकाळी, दुपारी काही खात नाही?”

“खाते की. सकाळी च्यासंगट शिळी भाकरी. दुपारी शेतात रोट्टी आन भाजी. पण ते जेवण न्हाई, बाई. आमच्यात जेवणाला ऊटा म्हणतेत, तो रात्रीचा. भात-सार असतंय, घरची सगळी एकत्र बसतेत.”

“अव्वा, दुपारचं बी जेवणच की,” मुलगा म्हणाला.

“तू सोलापुरात नोकरीला लागल्यापासून म्हणतोस तसं,” मावशी म्हणाली.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं, आणि जास्त लागलं ते यासाठी की हा फरक मला लहानपणापासून माहीत होता.

मी करमाळ्याकडच्या गावातली. आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे. सकाळी खायची ती न्याहारी, दुपारी बांधावर सोडायची ती भाकरी, आणि दिवेलागणीला चुलीवर ताजं कालवण झालं की ते जेवण. शाळेत शहरातून नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी एकदा मला विचारलं, “जेवून आलीस का?” मी खरं तेच सांगितलं, “न्हाय.” त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी मला दिली. आमच्याकडे पोळी सणाला व्हायची, त्यामुळे मी ती आनंदानं खाल्ली. मग त्या रोज विचारायच्या, मी रोज न्हाय म्हणायची, आणि त्या माझ्यापुरत्या दोन पोळ्या जास्तीच्या आणू लागल्या.

बाजाराच्या दिवशी त्यांना आई भेटली. “लेकराला उपाशी पाठवत जाऊ नका,” त्या म्हणाल्या. आईला ते फार लागलं. घरी आल्यावर तिनं मला समोर बसवलं.

“सकाळी दीड भाकर खाऊन गेलीस, आन बाईला उपाशी हाय म्हनलीस व्हय?”

“उपाशी न्हाय म्हनले. जेवले न्हाय म्हनले. जेवले नव्हतेच की.”

दुसऱ्या दिवशी कामाची वेळ टाळून आई शाळेत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, आमची पोर खोटं बोलली न्हाय. भाकर खाऊनच येती. आमचं जेवण सांजच्याला असतंय.” बाईंना वाईट वाटलं असावं. त्यांनी आईला आत बोलावून खुर्ची दिली. पोळ्या मात्र बंद झाल्या.

पुढं शिकायला मी सोलापुरात आले, इथंच लग्न झालं, आणि सकाळी नाष्टा, दुपारी जेवण, रात्री जेवण अशी सवय लागली. इतकी, की पाकिटावर ‘जेवणाआधी’ लिहिताना मला कधी अडखळायला झालं नाही.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की घोटाळा माझ्या लिहिण्यानं झाला. ते म्हणाले, “मग ब्रेकफास्ट आणि डिनर असं स्पष्ट लिहीत जा.” मी म्हटलं, “सर, त्यानं त्यांना आणखीच कळणार नाही.” मावशीच्या पाकिटावर मी नव्यानं लिहिलं: सकाळी चहा-भाकरीच्या आधी एक, रात्री भाताच्या आधी एक. तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मुलाचा राग तोवर उतरला होता.

तेव्हापासून मी आधी विचारते, दिवसभरात कधी काय खाता. वेळ जातो, खिडकीपुढं रांग वाढते, मागचे कुरकुरतात. पण नवं काही ऐकायला मिळतं. यंत्रमागावर काम करणारे एक तेलुगू काका म्हणाले, “सकाळी टिफिन करतो.” मी धरून चालले की ते डबा घेऊन कामावर जातात. नंतर कळलं, त्यांच्या घरी टिफिन म्हणजे इडली नाहीतर उपमा, तोही घरीच बसून खाल्लेला.

महिन्यानं मावशी तपासणीला आली. साखर बरीच आटोक्यात होती आणि पहाटेचा तो त्रास पुन्हा झाला नव्हता. मला बरं वाटलं. मी गोळ्या बांधत होते, तेवढ्यात ती म्हणाली, “एक विचारायचं राहिलंच. सोमवारी माझा उपास असतो. सकाळी शाबू खाते थोडा. ते भाकरी बी न्हाई आन जेवण बी न्हाई, फराळ हाय. त्या दिवशी गोळी घ्यायची का न्हाई?”

म्हणजे इतके सोमवार तिनं काय केलं होतं, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मी हातातलं पाकीट खाली ठेवलं, खिडकीपुढच्या लोकांना थांबायला सांगितलं आणि तिला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले.