चिमणीची बाजू

माझ्या धाकट्या जावेनं कावळ्याची बाजू घेऊन गोष्ट लिहिली आणि ती योकोहामातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापून आली. गोष्ट नेहमीचीच. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पावसात कावळ्याचं वाहून जातं. फक्त हिनं ती दाराबाहेर भिजणाऱ्या कावळ्याच्या तोंडून सांगितली. वर मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात हॉलमध्ये वाचूनही दाखवली. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते,' असं चिमणी म्हणाली आणि लोक पोट धरून हसले. मी हसले नाही. ते वाक्य माझं होतं.

मागच्या हिवाळ्यात कावासाकीत तिच्या वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटला. छत गळून गाद्या भिजल्या. दीर ऑफिसच्या कामाला सेंदाईत, हिच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ. तिचा फोन आला, "वहिनी, दोन दिवस येऊ का तुमच्याकडे?"

"थांब गं, हिला आंघोळ घालतेय. मग करते फोन."

मग मुलीचं जेवण होतं, मग होमवर्क. एकही गोष्ट खोटी नव्हती.

कार्यक्रमाहून परतताना ट्रेनमध्ये मी नुसती धुमसत होते. कृतघ्न बाई! इथं आल्यावर कचरा कसा वेगळा करायचा हे हिला कुणी शिकवलं? वॉर्ड ऑफिसचे फॉर्म कुणी भरून दिले? नवरा म्हणाला, "अगं, लहान मुलांची गोष्ट ती. एवढं काय मनावर घेतेस?" त्याला कधी काही कळलं आहे?

मुलगी मात्र विचारात पडली होती. "दोशिते?" ती म्हणाली, म्हणजे 'का?' आणि पुढचंही जपानीतच विचारलं, की बाळाला टॉवेलात गुंडाळून दार उघडता येतं ना?

"गप्प बस," मी म्हटलं.

घरी येताच लॅपटॉप उघडला. पुढच्या अंकात चिमणीची बाजू येणार होती. तिचं दमणं लिहिलं, काडी काडी जमवून उभारलेलं घर लिहिलं, कावळ्याच्या पायांना येणारा शेणाचा वास तर चांगला तिखटमीठ लावून लिहिला. फार बरं वाटलं. मग शेवट आला आणि हात थांबला.

गोष्टीत चिमणी उशिरा का होईना, दार उघडते. मी त्या दिवशी उलटून फोन केलाच नव्हता. जाऊ बाळाला घेऊन स्टेशनजवळच्या हॉटेलात राहिली, हे मला नंतर दिराकडून कळलं.

मी अंक काढून तिच्या गोष्टीचा शेवट पुन्हा वाचला. तिच्याही चिमणीनं दार उघडलं होतं. तेवढं एक खोटं तिनं माझ्यासाठी लिहिलं होतं.