बाटली बरोबर होती

माझे सासरे, म्हणजे मामाजी, कडब्याच्या गंजीवरून पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमचं गाव वाशीमहून शिरपूरकडे जाणाऱ्या वाटेवर, बैलगाडीनं दोन-अडीच तासांवर. वाशीमचे डॉक्टर येऊन फळ्या बांधून गेले. जाताना त्यांनी दुखणं कमी होण्यासाठी औषधाची बाटली आणि ते कसं द्यायचं याची चिठ्ठी दिली. बाटलीच्या पाठीवर दाते कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. एका वेळेला एक दाता उतरेल इतकं औषध, दिवसातून तीनदा.

घरात वाचता येणारी मी एकटी. माझे यजमान सही करायचे, तेवढंच. म्हणून डॉक्टरांनी मला ओसरीवर बोलावून सांगितलं, “यात अफूचा अंश आहे. दुखणं सोसवेल इतकंच कमी व्हायला हवं, पार घालवायच्या नादी लागू नका. वरून अफू, भांग, दारू काहीही द्यायचं नाही. फार झोपू लागले, हाकेला उठेनात, तर औषध थांबवा आणि मला बोलवा.”

मी मान हलवली. बाटली माझ्या पेटीत ठेवून किल्ली कमरेला खोचली. घरच्यांना एवढंच सांगितलं, “दिवसातून तीनदा द्यायचं आहे.” बाकीचं सांगितलं नाही. आज कबूल करायला हरकत नाही, ते फक्त मलाच ठाऊक आहे याचं मला बरं वाटत होतं.

तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी मामाजी भाकरीचा घास तोंडात असतानाच पेंगू लागले. पाचव्या दिवशी दुपारभर त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी पेटी उघडून बाटली उजेडात धरली. औषध बरोबर ज्या दात्यापाशी असायला हवं तिथंच होतं. मग मला वाटलं, औषध बनवतानाच दवाखान्यात काहीतरी जास्त पडलं असेल. तेव्हाच ते थांबवून डॉक्टरांना बोलवायला हवं होतं, पण हाकेला मामाजी अजून हुंकार देत होते, म्हणून मी देत राहिले.

सासूबाईंना वेगळाच संशय होता. चुलीपाशी त्यांनी मला अडवलं.

“काय पाजून राह्यली तू त्याईले?”

“लिहिलंय तेच, मामीजी.”

“लिवलेलं तुलेच दिसते. मले त नुसता कागद दिसते. अन् बाटली कुलपात काहून ठेवते? औषधाले कोन चोरते?”

मला राग आला. त्या दिवसापासून मी औषध ओतताना त्या पदर सावरत समोर येऊन बसू लागल्या आणि माझ्या बोटांवरून नजर हलवेनात. मीही हट्टानं दाता त्यांच्या डोळ्यांसमोर धरून ओतायची. बोलणं जवळजवळ बंदच झालं.

त्यांना माझा संशय, मला दुसऱ्याचाच. मामाजींचे एक जुने मित्र रोज सकाळी येत. कापूस पिंजून गाद्या भरून देणारे पिंजारी चाचा. ते मामाजींच्या खाटेवर बसून अगदी कानाला लागून बोलत. मी दाराशी तुरीची डाळ निवडायला बसू लागले आणि सूप हातात धरून चाचांचे हात बघू लागले. ते खिशात काय घालतात, काय काढतात, मामाजींच्या तोंडाशी हात नेतात का.

सातव्या सकाळी मी विचारलंच. “चाचा, तुम्ही मामाजींना काही देता का? नशेचं?”

त्यांचा चेहरा उतरला.

“बेटी, चाळीस सालाची दोस्ती हाय आमची. त्याले कमी ऐकू येते म्हनून मी कानात बोलतो. शक कर, पन सगळ्याईवर सारखा कर. मी आलो का रोज याच्या तोंडात पान असते. ते कोन देते?”

मामाजींना दात नव्हते. त्यांचं पान सासूबाई लहान खलबत्त्यात कुटून द्यायच्या, हे मी रोज बघत होते. इतकं रोज की ते मला दिसेनासंच झालं होतं.

मी आत जाणार, तोच चाचा माझ्या यजमानांना हाक मारत ओरडले, “भाऊ! ओ भाऊ! अरे, हा उठून नाई राह्यला!”

मामाजींचे ओठ निळसर पडले होते. एक श्वास घेतला की दुसरा येईपर्यंत आपलाच जीव घाबरा व्हायचा. यजमानांनी गाडी जुंपली आणि वाशीमची वाट धरली. मी सासूबाईंचे दोन्ही खांदे धरले. सुनेनं सासूला असं धरणं म्हणजे काय, ते तेव्हा सुचलंच नाही.

“मामीजी, पानात काय घालता?”

“अफू. मुगाएवढी,” त्या म्हणाल्या. “रातभर कन्हतेत ते. वावरात जाताना बाया लेकराईले चाटवतेत, तेच त हाय. ते का औषध हाय?”

“बाटलीतही तीच आहे!”

त्या म्हणाल्या, “मंग सांगतलं काहून नाई मले?”

मी गार पाण्याचा तांब्या आणायला धावले.

चाचांनी मामाजींना पाठीमागून आधार देऊन बसवलं. पाय हलू न देता मी तोंडावर गार पाणी मारत होते, सासूबाई तळपाय चोळत होत्या. चाचा सारखं कानात ओरडत होते, “झोपू नको! श्वास घे! घे!” मामाजींनी चिडून चाचांना शिवी दिली, तेव्हा चाचा रडायलाच लागले. दुपार कलता कलता डॉक्टर आले, तोवर आम्ही तिघं हेच करत होतो. ते संध्याकाळपर्यंत नाडी धरून बसले आणि मामाजी वाचले.

दोन दिवस औषध बंद होतं. मग अर्धा दाता सुरू झाला. मामाजींना घाम फुटायचा, ते तळमळायचे आणि म्हणायचे, “तुमी दोघी मिळून औषधात पानी घालून राह्यल्या.” हाड जुळेपर्यंत आमच्यावरचा त्यांचा संशय काही गेला नाही. सासूबाई मात्र दर वेळी मला चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावायच्या. महिनाभरात ती त्यांना पाठ झाली.

शेवटी बाटलीत थोडं औषध उरलं. शेजारीण तिच्या लेकीचं पोट दुखतं म्हणून ते मागायला आली. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “हे माह्या मालकाच्या मांडीसाठी देल्लं हाय. तुह्या लेकीच्या पोटाचं याले काय माहीत? डॉक्टरले दाखव.”

शेजारीण तोंड फिरवून गेली. पुढं कितीतरी दिवस ती गावात सांगत फिरत होती की आमच्या घरात काहीतरी चांगलं औषध लपवून ठेवलं आहे.