तिच्या वतीने सत्कार

आमच्या रुग्णालयात परिचारिका दिन म्हणजे वर्षभर राबवून घेतलेल्या बायांना अर्धा दिवस टाळ्या वाजवायला बसवायचं. चिडून लिहितेय, माहीत आहे मला. पण त्या वर्षीचा समारंभ आठवला की अजून डोकं फिरतं.

मी पुरुषांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. त्या वर्षी आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या एकाही पेशंटच्या पाठीला जखम झाली नव्हती. सारखं कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, करून बघावं. हे नेटानं लावून धरलं ते माझ्या हाताखालच्या एका नर्सनं. लोणी काळभोरची सून. वर्षातली सर्वोत्तम परिचारिका म्हणून तिचंच नाव निघालं, तेव्हा माझ्याच लेकीचं निघाल्यासारखं वाटलं मला.

तिला त्या बक्षिसाची गरजही होती. घरी शेती, लहान मुलगा, आणि ही अंधारातच बस धरून पुण्यात येणार. सासऱ्यांना नोकरी खुपत होती. "काय एवढं मोठं काम करती ते एकदा बघतो, मग ठरवू," असं म्हणून ते स्वतः समारंभाला आले. मीच त्यांना दारातून आत नेऊन पुढे बसवलं.

तिला खाली येता यावं म्हणून वॉर्डवर मी दुसरी मुलगी नेमली होती. हॉलमध्ये बघते तर काय, तीच मुलगी काठापदराची साडी नेसून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतेय! दिसायला छान म्हणून मेट्रनबाईंनी परस्पर बोलावून घेतली होती. आमची बक्षीसवाली वर वॉर्डात अडकलेली.

मी तडक मेट्रनबाईंकडे गेले. "अहो, तिला खाली बोलवा. तोवर मी वर थांबते."

"तुमचं अहवालवाचन आहे."

"मग गुलाबपाणीवालीला पाठवा."

"ती पुष्पगुच्छ देणार आहे. सिस्टर, आयत्या वेळी घोळ घालू नका. तिच्या वतीने घेईल कुणीतरी."

कुणीतरी! प्रमुख पाहुण्यांनी सेवाभावावर लांबलचक भाषण ठोकलं. पडद्यावर पुढच्या वर्षाची उद्दिष्टं झळकली. हसतमुख सेवा, शून्य तक्रारी. माणसं वाढवण्याबद्दल चकार शब्द नाही. मग तिचं नाव पुकारलं गेलं आणि गुलाबपाणीवालीनंच पुढे होऊन ट्रॉफी घेतली. हॉलभर टाळ्या. सासरे उभे राहिले. "ही आमची सून न्हाय," शेजारच्याला म्हणाले आणि सरळ बाहेर पडले.

अहवाल गेला खड्ड्यात. मी त्यांच्यामागे धावले, गेटपाशी गाठलं, धापा टाकत सगळं सांगितलं. "काका, वर चला. ती कामावर आहे, डोळ्यांनी बघा."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, तुमच्यावर इश्वास हाय माझा. पोरगी कामाची हाय, ते बी कळलं. पन बक्षिसाच्या दिशी जे तिला घटकाभर सोडंनात, ते उद्या लेकरू तापानं फणफणल्यावर सोडत्याल व्हय?"

सोडतील, असं मी म्हणणार होते, पण खोटं कसं बोलणार? ते लोणीच्या बसकडे निघून गेले आणि मी तिथेच उभी राहिले. इतका संताप आला होता, आणि काढायचा कुणावर?

महिनाअखेर तिनं नोकरी सोडली. माझ्या गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई मलाच विचारतात, "आता तुमच्या वॉर्डला कुणाला देऊ?"

"बक्षीस घ्यायला कुणीही चाललं ना तुम्हाला?" मी म्हणाले. "मग तिचं काम करायलाही पाठवा कुणीतरी."

कुणीही आलं नाही. तिच्या पाळ्या मीच करत राहिले.