अबू वजीहचं पाखरू

नाब्लुसमधल्या आमच्या गल्लीत अबू वजीह चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या करतोय. दुकानात सोबतीला पिंजऱ्यातलं एक गाणारं पाखरू. निःपक्षपातीपणाची मिजास मारणारे परदेशी वाहिनीवाले माहितीपट काढायला त्याच्याकडे आले. चहा आमचाच ढोसला. मुलाला, वजीहला, कुणी उचलून नेलं, ते अबू वजीहनं दोन तास नावानिशी सांगितलं. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "आता एक मिनिट सगळे गप्प. खोलीचा नुसता आवाज हवाय, तुकडे जोडताना मागे लावायला लागतो."

"बोलायला लावतो आणि वर गप्प बसवतो, शहाणा!" अबू वजीह पुटपुटला, पण बसला.

माहितीपट लागला तेव्हा अख्खी गल्ली दुकानात जमली. अबू वजीहचा एक शब्द नव्हता. वाहिनीच्या साहेबांना तो 'एकतर्फी' वाटला म्हणे! दुकानातली रिकामी खुर्ची दाखवत कुणी कोटवाला जाणकार आमचं दुःख आम्हालाच समजावत होता. त्याच्या आवाजामागे मात्र ओळखीची किलबिल चालू होती.

अबू वजीह उठून पिंजऱ्यापाशी गेला.

"तुझं चाललं रे त्यांना," तो म्हणाला. "तू कुणाचं नाव घेत नाहीस ना."