मोकाशीकाकांचं रिव्हॉल्व्हर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नागपूरच्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता ते आत मावत नाही, म्हणून. समजून घ्या असं म्हणणार होते — पण नको. फक्त ऐका.

मी जुनी रिव्हॉल्व्हरं जमवते. हो, बाई असून. इथे इंग्रजांच्या मुलखात, स्लाऊमधल्या दोन बेडरूमच्या घरात, काचेच्या कपाटात, माझी सात रिव्हॉल्व्हरं आहेत. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी त्या कपाटावर चादर टाकली होती. इतकी जुनी आहेत की इथल्या कायद्याने त्यांना लायसन्स लागत नाही. शोभेची वस्तू म्हणून ठेवायची, चालवायची नाहीत. मला चालवायची नसतातच. मला ती आतून कशी चालतात ते बघायचं असतं. त्यातही डबल ॲक्शन. म्हणजे काय, ते सांगावंच लागेल, कारण सगळा घोळ तिथेच आहे. साध्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. डबल ॲक्शनमध्ये नुसता चाप ओढायचा — घोडा आपसूक मागे जातो, गोळ्या भरायचं गोल सिलिंडर एक घर पुढे सरकतं आणि घोडा पडतो. एका बोटाच्या ताकदीवर तीन कामं. ज्या कारागिरांनी हे कानशीने घासून घासून बसवलं, त्यांच्याबद्दल मला वेडच आहे.

पण मी रिव्हॉल्व्हरांबद्दल बोलायला बसलेले नाही. बघा, वळलेच ना दुसरीकडे?

हे वेड मला मोकाशीकाकांनी लावलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. काका तरुणपणी मिरजेहून इथे आले आणि स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आयुष्यभर टूलमेकर होते — कारखान्यातल्या यंत्रांचे साचे बनवायचे, केसाच्या जाडीइतकाही फरक चालत नाही असलं काम. काकू गेल्या होत्या, मुलगी अंजू क्रॉयडनला. घरामागच्या शेडमध्ये त्यांचा कामाचा बाक होता. अर्ध्या मंडळाची घड्याळं, शिलाई मशीनं, कुणाचं हार्मोनियम — सगळं त्या बाकावर दुरुस्त व्हायचं. ऐंशी वर्षांचा माणूस, पण हात असे स्थिर की बघत राहावं. त्यांनाही त्याचा अभिमान होता आणि ते तो लपवत नसत. दोन्ही हात पुढे धरून म्हणायचे, “हे बघ पोरी, माझं पेन्शन.”

आणि त्यांच्याकडे ते एक रिव्हॉल्व्हर होतं. बर्मिंगहॅमच्या एका छोट्या कारागिराचं, दीडशे वर्षांहून जुनं, पाच घरांचं. त्या माणसाने अशी मोजकीच बनवली, आणि चालू स्थितीतलं हे एकच आम्हाला ठाऊक होतं. हिरव्या कापडाचं अस्तर लावलेल्या लाकडी पेटीत ते असायचं. काका वर्षातून दोनदा ते बाहेर काढत.

आमच्या जमवणाऱ्यांत काही रीती आहेत. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हातात दिली, तरी चाप ओढण्याआधी पुन्हा विचारायचं. आणि रिकामा घोडा कधी, कधीही पाडायचा नाही — अंगठ्याने धरून हळूच खाली आणायचा. कारण आतली स्प्रिंग म्हणजे दुमडलेली एक पोलादी पट्टी, तीही तेवढ्याच जुन्या काळची. तिला झटका सोसत नाही. आणि तुटली तर दुकानात मिळत नाही; त्या काळी प्रत्येक भाग त्या त्या रिव्हॉल्व्हरपुरता हाताने बनवलेला असे. हे मला काकांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी.

तो रविवार होता, दुपारची वेळ. काकांनी मला पेटी उघडून दिली, एकदा स्वतः चाप ओढून दाखवला — अंगठा घोड्यावर, इतका सावकाश की मला आतले टप्पे मोजता आले. मग ते चहा टाकायला आत गेले. चहा ते कुणालाही करू देत नसत.

मी मेडनहेडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. बटण हळू दाबलं तर सगळं चालतं. भराभर दाबलं तर काय होतं, हे बघायचा मला पगार मिळतो. ती सवय पुढे करून मी सुटू बघतेय का? नाही. मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं. तरीही मी ते उचललं, कारण मला त्याचा खरा आवाज ऐकायचा होता — त्या कारागिराने ते ज्या वेगासाठी बनवलं, त्या वेगातला. काकांनी तो कधीच ऐकवला नसता.

मी चाप ओढला. तीनदा, भराभर, अंगठा न लावता.

दोनदा सुरेख आवाज झाला. तिसऱ्यांदा घोडा आपटतानाच आत काहीतरी टचकन वाजलं आणि तो लुळा पडला.

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मी रिव्हॉल्व्हर जसं होतं तसं पेटीत ठेवलं. काका ट्रे घेऊन आले, मी चहा प्यायले, चिवडा खाल्ला, चिवड्यात कढीपत्ता कमी आहे असंही म्हणाले. हे मला अजून आठवतं, कढीपत्त्याचं. तेव्हा सांगता आलं असतं ना? अगदी सहज. “काका, चूक झाली.” ते ओरडले असते, दोन महिने बोलले नसते. बस, एवढंच.

चहा झाल्यावर काकांनी पेटी बंद करण्याआधी तेलाच्या फडक्याने ते वरवर पुसलं. पुसताना ते त्यांच्या हातातून जरासं निसटलं आणि टेबलाच्या कडेला टेकलं. आपटलं नाही — टेकलं. काका स्वतःशीच च्च् म्हणाले आणि पेटी लावली.

आणि मला हायसं वाटलं. तुम्हाला कळतंय ना मला का हायसं वाटलं?

महिन्याभराने मेडनहेडजवळच्या एका हॉलमध्ये आमच्यासारख्या हौशी लोकांचा मेळावा होता. तीस-चाळीस जण, बहुतेक पिकल्या केसांचे इंग्रज, घरचे केक आणलेले. काका पहिल्यांदाच ते रिव्हॉल्व्हर लोकांसमोर दाखवणार होते. कोट घातला होता. तो महिनाभर मी काय करत होते? त्यांनी घरी एकटं असताना पेटी उघडावी, अशी वाट बघत होते. उघडली नाही त्यांनी. मेळाव्यापर्यंत जपून ठेवली होती.

सगळे भोवती उभे राहिले. काकांनी अंगठा घोड्यावर ठेवला, चाप ओढला. काहीच झालं नाही. चाप नुसता मागेपुढे हलला. त्यांनी पुन्हा ओढला. मग त्यांनी रिव्हॉल्व्हरकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघितलं. मी शेजारीच होते. माझ्याकडे वळून ते हळूच मराठीत म्हणाले, “अगं, त्या दिवशी पुसताना हातातून निसटलं होतं. पण तेवढ्याने?”

तो प्रश्न होता. टूलमेकरचा प्रश्न — त्यांना पटत नव्हतं. माझं उत्तर ऐकून ते ठरवणार होते, कारण त्या दिवशी तिथे दुसरं कुणी नव्हतंच. आणि मी म्हणाले, “जोरात पडलं होतं काका. तुमच्या लक्षात नाही आलं. वय झालं की होतं असं.”

हा माझा गुन्हा. स्प्रिंग तुटली ती नाही — स्प्रिंगा तुटतात. हे वाक्य. ते म्हणताना मी त्यांच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला होता.

त्यांनी ते मानलं. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता. त्यानंतर ते हळूहळू एकेक सोडत गेले. आधी घड्याळं. लोक घेऊन यायचे, तर म्हणायचे, “नको, हात राहिले नाहीत आता.” मग गाडी. मग शेडला कुलूप. मला वाटायचं, ओरडून सांगावं. आणि दर वेळी वाटायचं, आता इतका उशीर झालाय, आता सांगून काय? उशीर मीच करत होते, रोज थोडा थोडा. वर्षभरात अंजूने त्यांना क्रॉयडनला नेलं. सामान बांधताना ती माझ्या गळ्यात पडली. इथेच जन्मलेली, तिचं मराठी मला फार आवडतं. म्हणाली, “थँक गॉड तू होती. बाबा आमचा कोणाचाच ऐकत नाही. तू सांगितला की ही इज गेटिंग ओल्ड, अँड ही ॲक्चुअली ॲक्सेप्टेड इट.”

आणि ती पेटी काकांनी मला दिली. “तू ठेव. तुझे हात चांगले आहेत,” म्हणाले.

मी ते एका जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे नेलं. त्याने भिंग लावलं आणि सिलिंडरच्या मागच्या बारीक नळ्या मला दाखवल्या, ज्यांच्यावर घोडा आपटतो. पाचपैकी तीन नळ्यांच्या तोंडावर आपटल्याच्या ताज्या खुणा होत्या. दोन कोऱ्या. “हू’ज बिन स्नॅपिंग दिस?” त्याने विचारलं, म्हणजे रिकामा घोडा कुणी पाडलाय. मी म्हणाले, आधीचा मालक. म्हातारा होता.

हो, हेही म्हणाले. दुसऱ्यांदा.

स्प्रिंग मी बसवून घेतली नाही. काकांनी एकदा चष्मा लावून त्या नळ्या बघितल्या असत्या, तर त्यांना सगळं कळलं असतं. त्यांनी बघितल्या नाहीत, कारण मी सांगितलं होतं. ती पेटी माझ्या कपाटात आहे. काका हयात आहेत, डोकं एकदम तल्लख आहे. मी आज फोन उचलून सांगितलं, तर त्यांना आजही कळेल की त्यांच्या हातांनी काहीच तोडलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी क्रॉयडनला गेले, सांगायचंच असं ठरवून. ट्रेनमध्ये वाक्य पाठ करत होते. काका खिडकीशी बसले होते. त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला होता, आणि ते दोन दिवस तसेच, दांडी बोटाने धरून, अंजूला वेळ मिळायची वाट बघत बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात दिला, आणि अंजूच्या ड्रॉवरमधला छोटा स्क्रूड्रायव्हर कुठे आहे ते सांगितलं.

मी स्क्रू पिळला. ते चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून, माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते नीट बघितले. ते थरथरत नव्हते.

“शाब्बास,” काका म्हणाले.

मी “थँक्यू काका” म्हणाले, आणि साडेचारच्या ट्रेनने परत आले.