बावीस वर्षं हंगामी

ज्याअर्थी श्रीमती नेलिदा रोसारिओ आब्रेगू, वय छप्पन्न, ह्या कृषी शाखेच्या मृदाशास्त्र विभागात सहप्राध्यापक पदावर तात्पुरत्या स्वरूपात कार्यरत आहेत. ज्याअर्थी सदर तात्पुरते स्वरूप बावीस वर्षे अखंड चालू आहे. आणि ज्याअर्थी विद्यापीठास महिला अध्यापकांच्या उन्नतीविषयी मनःपूर्वक आस्था आहे. त्याअर्थी सदर श्रीमतींना मार्गदर्शन योजनेत दाखल करून घेण्यात येत असून त्यांच्या प्रगतीसाठी अनुभवी मार्गदर्शक नेमण्यात येत आहे.

अनुभवी मार्गदर्शक म्हणजे यामिला नासिफ, वय सदतीस. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे तिला नेलिदानेच शिकवलं होतं आणि पहिल्या परीक्षेत नापासही नेलिदानेच केलं होतं.

"प्रोफे, आता मी तुमची प्रगती करणार," यामिला आम्हा विभागातल्या अध्यापकांच्या खोलीत शिरत म्हणाली.

"कर. आधी खिडकी लाव, धूळ येतेय."

योजनेच्या फॉर्मात 'पाच वर्षांतील उद्दिष्ट' असा रकाना होता. नेलिदाने लिहिलं : 'हेच काम. पण कायमचं.' दर एकतीस मार्चला तिची नेमणूक संपे आणि एप्रिलच्या मध्यावर कधीतरी मागच्या तारखेने पुन्हा होई. मधले पंधरा दिवस ती कायद्याने कोणी नसे. तास मात्र घेई.

"जागा जाहीर निवडीला काढा म्हणून अर्ज टाकू," यामिला म्हणाली.

बावीस वर्षांत असा अर्ज कोणी टाकला नव्हता. नेमणुकीच्या प्रत्येक आदेशाची शेवटची ओळ अशी : 'जागा जाहीर निवडीने भरली जाईपर्यंत.' जागा भरली की जुनी नेमणूक रद्द. नेलिदाने ती ओळ बावीस वेळा वाचली होती.

"आणि दुसराच कोणी आला तर?"

"कोण येणार, प्रोफे? क्षारपड जमिनीतलं तुमच्याइतकं या प्रांतात कळतं कोणाला?"

ते खरं होतं. अर्ज गेला. विद्यापीठ परिषदेला आठ मार्चच्या महिला दिनासाठी काहीतरी हवंच होतं. परिषदेने एकाच बैठकीत टाळ्यांच्या गजरात जागा जाहीर केली.

मग फाइल. आमच्याकडे केलेल्या कामाला किंमत नसते, त्याच्या प्रमाणपत्राला असते. नेलिदाने प्रांताची मृदा परिषद सहा वेळा भरवली होती. बोलणाऱ्यांची, ऐकणाऱ्यांची, एका वर्षी प्रोजेक्टर उसना देणाऱ्या गृहस्थाचीसुद्धा प्रमाणपत्रं तिनेच टाइप करून विभागप्रमुखांच्या सहीला नेली होती. स्वतःचं एकही केलं नव्हतं.

"सहा परिषदा, आणि एक कागद नाही?" यामिला फाइल चाळत राहिली.

"स्वतःचं स्वतःच टाइप करायचं, ते बरं दिसत नाही गं."

"बरं दिसत नाही! बरं, आता जा आणि सही घेऊन या."

तेव्हाचे विभागप्रमुख डॉ. साराविया आता शाखेचे डीन झाले होते. नेलिदा त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी येर्बाच्या कडू चहाची तुमडी भरून तिच्यापुढे केली, मुलाची चौकशी केली आणि म्हणाले, "अहो नेलिदा, तुम्हाला कागद कशाला? सगळ्यांना माहीत आहे की! आणि जुन्या कामांवर आता सही करायची म्हणजे लोक माझ्यावर बोट दाखवतील."

ती परत आली.

"काय म्हणाले?"

"सगळ्यांना माहीत आहे म्हणाले."

"हे 'सगळे' निवड समितीवर आहेत का?" यामिलाने विचारलं.

नव्हते. समितीचे तिघे बाहेरगावचे होते. नियमच तसा होता, आणि चांगला होता.

दुसरा उमेदवार एकच, कोर्दोबाचा फाब्रिसिओ बारासा, वय एकोणचाळीस, प्रमाणपत्रं एकशे बारा. त्यातली तीन आमच्या परिषदेची होती. एकावर त्याचं आडनाव चुकलं होतं, ते नेलिदाने तेव्हा दुरुस्त करून पुन्हा छापून दिलं होतं.

समितीपुढे घ्यायच्या तासाचा विषय दोन दिवस आधी चिठ्ठी काढून ठरतो. क्षारपड जमीन निघाली. यामिलाने जिन्यातच आनंदाने उडी मारली. नेलिदाने बरोबर चाळीस मिनिटं तास घेतला. मागे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही फोन बघितला नाही. समितीने तिला तासाचे सर्वाधिक गुण दिले. परिषदांच्या रकान्यात शून्य दिलं, 'पुरावा जोडलेला नाही' असा शेरा मारला, आणि सव्वा गुणाने तिला दुसरी ठरवलं.

"हरकत घेऊ," यामिला म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

"कशावर? बेरीज बरोबर आहे."

"प्रोफे, माझ्यामुळे झालं हे."

"पुरे. बारासाला सांग, नमुने वाळवायच्या भट्टीचा काटा दहा अंश कमी दाखवतो. नाहीतर नमुने जाळेल."

त्या दुपारी तिने तास घेतला. नंतरच्या गुरुवारीही घेतला.

योजनेचा वार्षिक अहवाल जुलैच्या शेवटी आला. त्याच्या चौथ्या पानावर आहे : 'मृदाशास्त्र विभागातील दीर्घकाळ प्रलंबित पद योजनेच्या पुढाकारामुळे नियमित करण्यात यश आले. सहभागी महिला अध्यापकांचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता.'

एक ऑगस्टपासून नेलिदाला नोकरी नाही.