लंडनच्या वेळेवर जऊळका

टाइमभाऊंना वेळ विचारली की ते आधी विचारायचे, "कोणती? वाशीमची का मशीनची?" हातात घड्याळ नाहीच. कॉम्प्युटरवर कमांडची काळी स्क्रीन उघडायची, 'डेट' टाइप करायचं आणि वाचून सांगायचं. आमच्या संस्थेत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

रोज सकाळी सगळ्या शाखांच्या मशीन ते इथूनच तपासत. तारीख, वेळ, टाइमझोन. मी नवा, मला जाम कंटाळा यायचा. रोज काय तेच, म्हटलं तर म्हणायचे, "लाइट रोज जाते ना बापा? लाइट गेली का टाइम चुकते. मंग रोजच पाहा लागते." आणि वर एक ठरलेलं वाक्य, "काटा फिरवाच्या आधी गाव पाह्य. मशीन कोण्या गावचा टाइम दाखवून राह्यली, ते पाह्य."

भाऊ महिनाभर रजेवर गेले आणि मी नेमकं तेच पाहिलं नाही. संस्थेच्या जऊळक्याच्या वाचनालयात कमलाबाई एकटीच कामाला, हजेरी तिथल्याच मशीनवर. नवी मशीन बसवली तर वेळ साडेपाच तास मागे. टाइमझोन लंडनचा होता. तो बदलायचं सोडून मी वेळच पुढे ढकलली. कटकट मिटली म्हटलं.

भाऊंनी आल्या आल्या टाइमझोन भारताचा केला, वेळ जागेवर आणली. पण मशीन जुन्या नोंदीही नव्या टाइमझोनप्रमाणे दाखवते, त्यामुळे मधल्या महिन्याच्या साऱ्या नोंदी साडेपाच तास पुढे सरकल्या. दहाला येणारी कमलाबाई कागदावर रोज साडेतीनला उगवू लागली. तो कागद थेट सचिवांकडे गेला आणि बाईला कामावरून काढण्याची नोटीस निघाली.

कमलाबाई नोटीस घेऊन वाशीमला आली. "भाऊ, मी तं दहाच्या आत कुलूप खोलतो. इचारा गावाले."

भाऊंनी मशीनमधल्या जुन्या नोंदी काढल्या. वेळ कोणी बदलली, तिथे माझं नाव होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्क्रीन बंद केली आणि सचिवांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "बाईचा दोष नाही. टाइमझोन बदलताना मशीन म्या चुकवली."

नोटीस रद्द झाली. भाऊंचा वर्षाचा करार मात्र पुढे वाढवला नाही. मी खरं सांगतो म्हणालो तर उलट मलाच म्हणाले, "कायले? बाईची नोकरी वाचली ना. तुह्यं लेकरू लहान आहे. गप राह्य."

त्यांच्या जागेवर मला कायम केलं. केबिनच्या दारापर्यंत मी कितीदा गेलो असेन. लाज वाटते, पण सचिवांना अजून सांगितलेलं नाही.